कोल्हापूरचा अभ्यास ‘केस स्टडी’ आणि चॅपेल हिलचा ‘सिद्धांत’, असं का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्याकडे मास कॉम शिकवताना अजूनही अमेरिकेतली नाहीतर इंग्लंडमधलीच पुस्तकं पुढे ठेवली जातात आणि तिथल्या माणसांवर केलेला अभ्यास म्हणजे सगळ्या जगाचा अभ्यास असं धरून चाललं जातं, हे बदलायला पाहिजे. त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले, काही रागाचे पण आहेत. सगळ्यांना उत्तर देणं या दोन पानांत जमणार नाही, त्यामुळे ज्यात मुद्दा आहे ते निवडलेत.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी एम.ए. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डिझर्टेशन करतेय. गाइड म्हणतात थिअरॉटिकल फ्रेमवर्क पाहिजेच, एकतर अजेंडा सेटिंग घे नाहीतर युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स घे. मी दोन्ही वाचलं पण गावात जे दिसतंय ते त्यात बसतच नाही. आमच्या ग्रुपवर सकाळी दूध संस्थेचा मेसेज, मग कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाची वेळ, पाण्याची पाळी कुणाची, ऊसतोड कधी, आणि संध्याकाळी भावकीतली भांडणं. बायका बहुतेक नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर बघतात. फ्रेमवर्क न घेता लिहिलं तर चालेल का? की मलाच थिअरी कळली नाही?
— एक विद्यार्थिनी, जि. कोल्हापूर

उत्तर : अगं, थिअरी तुला नीट कळलीय, म्हणूनच ती कुठे अडतेय ते दिसतंय. आता अजेंडा सेटिंग, म्हणजे माध्यमं ज्याला जास्त जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटतं हे म्हणणं, कुठून आलं ते बघ. १९६८ ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं चॅपेल हिल नावाचं विद्यापीठाचं छोटं गाव, तिथले अजून मत न ठरवलेले १०० मतदार. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघांनी त्यांना विचारलं की तुम्हाला महत्त्वाचे प्रश्न कुठले वाटतात, आणि मग तिथल्या पेपर-टीव्हीत कशाला किती जागा मिळाली ते मोजून दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, त्या बऱ्याच जुळल्या, १९७२ ला निबंध छापून आला. अभ्यास चांगलाच आहे, मी दरवर्षी शिकवते आणि मनापासून शिकवते. पण एका गावातली १०० माणसं आणि एक निवडणूक, यातून निघालेल्या गोष्टीला सगळं जग ‘सिद्धांत’ म्हणतं, आणि तू तुझ्या गावातल्या तेवढ्याच माणसांशी बोलून काही मांडलंस तर त्याला ‘केस स्टडी’ म्हणतील आणि शीर्षकात जिल्ह्याचं, राज्याचं, देशाचं नाव घालायला लावतील. अमेरिकेतल्या माणसाला आपल्या निबंधाच्या शीर्षकात ‘अमेरिकेतील’ असं सहसा लिहावं लागत नाही. माझी खरी तक्रार आहे ती इथे. कुणाचं पुस्तक वाचायचं आणि कुणाचं नाही यावर माझा फारसा वाद नाही, वाद आहे तो कुणाच्या अनुभवाला जगाचा नियम म्हणायचं आणि कुणाच्या अनुभवाला नुसतं उदाहरण म्हणायचं याच्यावर.

आता तुझं काम. फ्रेमवर्क फेकून दे असं मी सांगणार नाही, एकतर गाइड ऐकणार नाहीत आणि दुसरं म्हणजे तुझंच नुकसान होईल. युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स, म्हणजे लोक आपल्या गरजेप्रमाणे माध्यम निवडतात ही मांडणी घे, पण ते चौकट म्हणून घेऊ नकोस, तपासायची गोष्ट म्हणून घे. त्या मांडणीच्या पोटात एक गृहीत बसलेलं आहे, की एक माणूस आहे, त्याचं स्वतःचं माध्यम आहे, त्याला त्याची गरज माहीत आहे आणि तो आपल्या मर्जीने निवड करतो. तुझ्या गावात एक फोन तीन माणसं बघतायत, त्यातली बाई फोन हातात घेताना कुणाला विचारते, काय बघून झाल्यावर डिलीट करते, ग्रुपवर तिचं नाव नसतानाही तिला सगळं माहीत कसं असतं, हे सगळं ‘निवड करणारा एक माणूस’ यात कुठे बसवणार? मग तेच लिही. पहिल्या प्रकरणात त्या मांडणीचं गृहीत सरळ सांग, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात ते कुठे टिकतं आणि कुठे मोडतं ते गावातल्या मेसेजसकट दाखव, आणि शेवटी म्हण की जिथे फोन घराचा असतो तिथे ही मांडणी अशी बदलावी लागेल. आणि ‘माझ्या गावात’ असं म्हणून थांबू नकोस, ‘जिथे फोन घराचा असतो तिथे’ असं म्हण, कारण तसं जगात कितीतरी ठिकाणी आहे.

ते रक्षाविसर्जनाचे मेसेज सोडू नकोस बरं का. ‘दुःखद निधन’ची पोस्ट कुणाची किती वेळात पडते, कुणाच्या पोस्टखाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागते आणि कुठल्या वस्तीतलं कुणी गेलं तर ग्रुप गप्प राहतो, अ‍ॅडमिन कुठल्या भावकीचा आहे, हे एवढं जरी तू महिनाभर वहीत नोंदवलंस तरी अर्ध्या डिझर्टेशनचा मालमसाला त्यातच आहे.

प्रश्न : मी इंजिनियर आहे, बरीच वर्षं परदेशात राहतो. विज्ञानाला पूर्व-पश्चिम नसते. गुरुत्वाकर्षण पुण्यात आणि न्यू जर्सीत एकच. मग संशोधनाला पाश्चात्त्य म्हणून हिणवण्यात राजकारणाशिवाय दुसरं काय आहे? चांगलं ते घ्यावं, कुठलं का असेना.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चांगलं ते घ्यावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण गुरुत्वाकर्षणाचं उदाहरण इथे चालत नाही हो, कारण दगडाला प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावं लागत नाही आणि माणसाला लागतं, आणि प्रश्न कुणी विचारला, कुठल्या भाषेत विचारला, पैसे कुणी दिले, याने उत्तर बदलतं. मानसशास्त्रातला आकडा बघा, २०१० साली जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजलेला निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवलं की मोठ्या जर्नल्समधल्या अभ्यासात ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यातली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत जगातली जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. असा नमुना घेऊन इंजिनियरिंगमध्ये पूल बांधला तर तुम्हीच सही करणार नाही.

आणि राजकारणाचं म्हणाल तर ते आम्ही आणलं नाही, आधीपासून तिथेच होतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनियल लर्नर यांचं १९५८ चं पुस्तक घ्या, पारंपरिक समाज कसा मागे पडतोय यावरचं. विकासासाठी संवाद या विषयात कित्येक वर्षं ते पाठ्यपुस्तकासारखं वापरलं गेलं. त्याचा आधार म्हणजे १९५० च्या सुमाराला तुर्कस्तान, लेबनॉन, इजिप्त, सीरिया, जॉर्डन, इराण या देशांत घेतलेल्या मुलाखती, आणि त्या मुलाखतींचा जन्म व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचे श्रोते कोण आहेत हे शोधण्याच्या कामातून झालेला, म्हणजे शीतयुद्धाच्या प्रचाराच्या कामातून. त्या पुस्तकाची सुरुवात अंकाराजवळच्या बालगात नावाच्या खेड्यातून होते. एक गावचा मुखिया, एक टाय लावणारा किराणा दुकानदार, एक मेंढपाळ. लोकांना प्रश्न विचारलेले की तुम्हाला देशाचा अध्यक्ष केलं तर काय कराल, पेपरचा संपादक केलं तर कसा पेपर काढाल. दुकानदाराने पटापट उत्तरं दिली, त्याला अमेरिकेला जायचं होतं. मेंढपाळ घाबरला, म्हणाला देवा, असं कसं बोलता तुम्ही. यावरून लर्नरसाहेबांनी निष्कर्ष काढला की दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायची शक्ती आधुनिक माणसाकडे असते, पारंपरिक माणसाकडे नसते.

मला हे वाचताना दरवेळी वाटतं की मेंढपाळाला प्रश्न तरी नीट विचारला का? एका गरीब माणसाला अनोळखी शहरी माणूस येऊन विचारतो की तुला राष्ट्राध्यक्ष केलं तर, आणि तो कानावर हात ठेवतो, तर ती कल्पनाशक्तीची कमतरता आहे की सत्तेपुढे कसं वागायचं याची पक्की समज आहे? आपल्याकडे रात्रभर कीर्तन ऐकून जनाबाईच्या दुःखाने रडणारी अडाणी म्हातारी दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवत नाही असं कोण म्हणेल? तिला संपादक व्हायचं नाहीये एवढंच. मोजपट्टी अशी बनवलेली की अमेरिकन शहरी माणसासारखी उत्तरं देणारा वर आणि बाकीचे खाली, आणि हे शास्त्र म्हणून जगभर शिकवलं गेलं, योजना त्याच्यावर बेतल्या गेल्या. याला विरोध करणं म्हणजे विज्ञानाला विरोध नाही, जास्त काटेकोर विज्ञान मागणं आहे.

आणि हे ओळखणारे खुद्द तिथलेही होतेच. एव्हरेट रॉजर्स, ज्यांची नव्या कल्पना कशा पसरतात याची मांडणी सगळ्यांनी पाठ केलेली असते, त्यांनीच १९७६ मध्ये लिहिलं की विकास-संवादाची ही जुनी प्रबळ चौकट आता संपली. त्याच वर्षी बोलिव्हियाच्या लुईस रामिरो बेल्ट्रान यांनी आणखी स्पष्ट लिहिलं, की लॅटिन अमेरिकेतलं संवाद-संशोधन उसनी गृहीतकं, उसने विषय आणि उसन्या पद्धती यावर चाललंय. आपल्याकडे रॉजर्स सगळ्यांना माहीत, बेल्ट्रान एखाद्यालाच.

प्रश्न : माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९५६ साली आमच्या गावात रेडिओ आला होता आणि चावडीत बसून कार्यक्रम ऐकून चर्चा व्हायची, वडील त्याची टिपणं लिहून पुण्याला पाठवायचे, असं ते सांगायचे. हा प्रकार परदेशी होता असं नंतर कुठेतरी वाचलं. खरं काय?
— सेवानिवृत्त शिक्षक, जि. नाशिक

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुमचे वडील ज्यात होते तो जगातल्या विकास-संवादाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रयोग आहे आणि महाराष्ट्रातच त्याची आठवण कुणाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कल्पना मूळची कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ फोरम चालायचे, शेजारपाजारचे शेतकरी कुणाच्या तरी घरी जमून कार्यक्रम ऐकायचे आणि मग बोलायचे. ती कल्पना युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने इथे आणली, पुणे केंद्रावरून, पाच मराठी भाषक जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. १९५६ च्या फेब्रुवारीपासून साधारण दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. प्रत्येक गावात वीसेक जणांचा फोरम, एक अध्यक्ष आणि एक सेक्रेटरी. कार्यक्रम संपला की चर्चा, चर्चेतले प्रश्न आणि निर्णय सेक्रेटरीने लिहून पुण्याला पाठवायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत रेडिओवरून यायची. म्हणजे गाव ऐकतंय आणि बोलतंय पण, आणि हे १९५६ मध्ये, जेव्हा रेडिओ म्हणजे वरून खाली सांगायचं यंत्र अशीच समजूत होती.

अभ्यासाचं काम मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होतं आणि ते बघितलं पॉल न्यूरॅथ यांनी. व्हिएन्नाचा माणूस, नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून न्यूयॉर्कला पोचलेला, तिथे कोलंबिया विद्यापीठात शिकलेला. त्यांनी तीन प्रकारची गावं तुलनेला घेतली, फोरम असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओ पण नसलेली. फोरमच्या गावांत लोकांची माहिती जेवढी वाढली त्याच्या मानाने नुसत्या रेडिओच्या गावांत फार थोडी वाढली. आणि याहून मोठी गोष्ट त्यांनी नोंदवली, की फोरम हा नुसता ऐकणाऱ्यांचा गट राहिला नाही, गावाच्या कामाचे निर्णय तिथे व्हायला लागले.

तर परदेशी की आपला? कल्पना कॅनडाची, पाठबळ युनेस्कोचं, संशोधक व्हिएन्ना-न्यूयॉर्कचा, पण चावडीत बसून जे घडलं ते तुमच्या वडिलांनी आणि गावाने घडवलं. त्या काळात अमेरिकेतला गाजलेला सिद्धांत असा होता की माध्यमातली गोष्ट आधी पुढाऱ्यासारख्या एखाद्या व्यक्तीपर्यंत जाते आणि मग त्याच्याकडून बाकीच्यांपर्यंत, ओहायोतल्या एका काउंटीत १९४० साली आणि नंतर इलिनॉयच्या डिकेटर शहरात ८०० बायकांच्या मुलाखती घेऊन हे मांडलेलं. पुण्याच्या प्रयोगात दिसलं ते वेगळं होतं, इथे एकटा पुढारी नव्हे तर एकत्र बसून केलेली चर्चा हीच शिकण्याची जागा होती. यातून मूळ सिद्धांतालाच प्रश्न विचारता आला असता. पण अमेरिकेतले संवाद-अभ्यासक विल्बर श्रॅम यांच्या १९६४ च्या गाजलेल्या पुस्तकात पुण्याचा प्रयोग येतो तो विकसनशील देशांत चालणारं तंत्र म्हणून येतो. डिकेटरला मान सिद्धांताचा मिळाला, पुण्याला उपयुक्त उदाहरणाचा. प्रयोग पुढे देशभर नेला गेला आणि १९६४-६५ मध्ये घानामध्ये पण झाला, म्हणजे इथून आफ्रिकेत गेला, हे पण आपल्या पुस्तकांत नाही.

अर्थात त्या चावडीत बायका किती होत्या, दलित वस्तीतलं कोण होतं, चर्चेत पहिलं कोण बोलायचं, हे प्रश्न आज विचारलेच पाहिजेत. एक विनंती, वडिलांनी सांगितलेलं जे जे आठवतंय ते लिहून काढा, जमलं तर गावातल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांना गाठून रेकॉर्ड करा, फोनवर केलं तरी चालेल. या प्रयोगाचा श्रोत्यांच्या बाजूचा इतिहास मला वाचायचाय आणि तो फक्त तुमच्यासारखी माणसंच देऊ शकतील.

प्रश्न : पाश्चात्त्य नको तर मग सरळ आपलं नाट्यशास्त्र शिकवा की. भरतमुनी आणि साधारणीकरण यात संवादाचं सगळं शास्त्र आहे. त्यांच्या आधी दोन हजार वर्षं आपण हे सांगून ठेवलंय.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नाट्यशास्त्र शिकवायलाच पाहिजे, यात दुमत नाही. काश्मीरच्या भट्टनायकाने मांडलेलं साधारणीकरण खरोखर खोल आहे, नटाचं दुःख हे त्या एका पात्राचं न राहता बघणाऱ्या सगळ्यांचं कसं होतं याचा इतका बारीक विचार फार कमी ठिकाणी आहे, आणि नेपाळचे निर्मलमणी अधिकारी यांनी त्यावरून संवादाचं मॉडेलही मांडलंय. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात हा पाचवा वेद सगळ्या वर्णांसाठी केला असंही म्हटलंय, तेही लक्षात घेण्यासारखं.

पण तुमच्या म्हणण्यातला ‘आपण’ मला अडतो. साधारणीकरण होण्यासाठी समोर सहृदय लागतो, म्हणजे पात्राचं दुःख मनाने आपलंसं करणारा प्रेक्षक. आणि ज्या समाजात सार्वजनिक तळ्यातलं पाणी सगळ्यांना पिऊ देत नव्हते तिथे सहृदय कुणाला म्हणायचं? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव केला, सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात म्हणून, तरी महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर मारहाण झाली ती झालीच. संस्कृत ग्रंथ हेच आपलं एकमेव ज्ञान असं धरलं तर दीनबंधू (१८७७), मूकनायक (३१ जानेवारी १९२०) ही पत्रं, सत्यशोधकांचे जलसे, नंतरचे आंबेडकरी जलसे, हे सगळं परत बाहेरच राहतं. जलसा म्हणजे ज्यांना वाचता येत नाही अशा हजारो लोकांपर्यंत पोचलेलं माध्यम, त्यात गाणं, विनोद, सवाल-जबाब, समोरच्याचं तिथल्या तिथे उत्तर, आणि ते करणारी माणसं त्याच वस्तीतली.

युर्गेन हाबरमास या जर्मन विचारवंताची सार्वजनिक अवकाशाची कल्पना सगळीकडे शिकवतात, अठराव्या शतकातल्या लंडनच्या कॉफी हाउसमध्ये लोक आपली पत बाजूला ठेवून वाद घालायचे वगैरे. बायका आणि कामगार त्यात कुठे होते, ही टीका तिथे झालीच. पण महाडवरून बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते, इथे वाद घालायला बसायच्या आधी एकत्र पाणी पिता येतं का हाच प्रश्न होता. हा धडा युरोपलाही लागू पडेल असा आहे, फक्त तो सिद्धांत म्हणून लिहिला पाहिजे. लंडन काढून तिथे काशी बसवली तर यातलं काही होणार नाही.

प्रश्न : या विषयावर युनोमध्ये मोठा वाद झाला होता ना? त्याचं पुढे काय झालं? थोडक्यात सांगा.
— एक पत्रकार, नागपूर

उत्तर : झाला होता, जगाच्या बातम्या कोण देणार यावर. मुळात १८७० मध्ये रॉयटर्स, फ्रान्सची हवास आणि जर्मनीची वोल्फ या वृत्तसंस्थांनी करार करून जगाच्या बातम्या आपसात वाटून घेतल्या होत्या, आपण रॉयटर्सच्या वाट्याला. स्वातंत्र्य मिळालेल्या देशांनी १९७० च्या दशकात म्हटलं की आमच्या बातम्या आम्हाला देता-घेता आल्या पाहिजेत. युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांचा आयोग नेमला, त्यात कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ होते, आपले पत्रकार बी. जी. वर्गीज होते, १९८० ला अहवाल आला. अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन १९८५ मध्ये युनेस्कोतूनच बाहेर पडले आणि विषय गारठला.

पण तुम्ही पत्रकार आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. अलिप्त देशांच्या वृत्तसंस्थांची एकत्र व्यवस्था उभी करणारी परिषद दिल्लीला झाली ती जुलै १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत. बाहेर जगाला सांगत होतो की आमचा आवाज दाबू नका आणि घरात सेन्सॉर बसवलेला, पीटीआय, यूएनआय धरून चारही वृत्तसंस्था मोडून एकच ‘समाचार’ केलेली. पश्चिमेची मक्तेदारी खरी होती आणि ही दडपशाही पण खरी होती. दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही, आणि आजही कुठलंही सरकार ‘पाश्चात्त्य माध्यमं आमची बदनामी करतात’ असं म्हणालं की मी आधी बघते, त्यांच्या स्वतःच्या देशातल्या पत्रकारांना ते कसं वागवतायत.

प्रश्न : मी ग्रामीण कॉलेजात शिकवतो. मराठीतून संशोधन लिहिलं तर प्रमोशनला उपयोग नाही, इंग्रजीत लिहिलं तर ज्यांच्याबद्दल लिहिलं ते वाचू शकत नाहीत. करायचं काय?
— एक प्राध्यापक, जि. परभणी

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि ती एकट्याने सुटणारी नाही. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी सायेलो नावाची व्यवस्था सुरू झाली, पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधली जर्नल्स इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला. कोलंबियातून लिहिणाऱ्या हेसूस मार्टिन-बार्बेरो यांनी १९८७ ला माध्यमांपेक्षा लोक त्यांना कसं आपलंसं करतात याकडे बघायला सांगितलं, ते स्पॅनिशमध्येच लिहून, आणि इंग्रजीवाल्यांना ते नंतर भाषांतर करून घ्यावं लागलं. त्यांच्या मागे एकमेकांचं वाचणारा एक अख्खा खंड होता. आपल्याकडे मराठीतला माणूस कन्नडमधलं, तेलुगूमधलं संशोधन वाचत नाही, तिकडचेही आपलं वाचत नाहीत, सगळे इंग्रजीतून वर बघतात. परभणीहून तेलंगण लांब नाही, कर्नाटकही नाही. निझामाबाद किंवा बीदरकडच्या एखाद्या कॉलेजमधला तुमच्यासारखाच शिक्षक गाठा, एकच प्रश्न दोन्हीकडे विचारा, समजा पीकविम्याची माहिती शेतकऱ्याला कुठून मिळते हा, आणि अमेरिकेशी तुलना करायच्या आधी एकमेकांशी करा. निबंध इंग्रजीत एक होऊ दे प्रमोशनसाठी. पण तो पाठवायच्या आधी त्याचा मराठी आणि तेलुगू किंवा कन्नड मसुदा ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना वाचून दाखवा, आणि ते जिथे ‘असं नाही हो सर’ म्हणतील ते त्यांच्या शब्दांत निबंधात घाला. कोल्हापूरच्या मुलीलाही माझं हेच सांगणं आहे, ग्रुपच्या अ‍ॅडमिनला वाचायला दे, आणि त्याच्याआधी ज्या बायका पोराच्या फोनवर ग्रुप बघतात त्यांना वाचून दाखव.